काविळीची माळ

माय, आज तुझ्या गळ्यातली काविळीची माळ फार आठवते आहे. किन्हीराजा गावातल्या आपल्या घरी चुलीपुढे बसून तू रोज सकाळी मला विचारायचीस, "पाह्य व पोरी, कुठवर आली?" पांढऱ्या काड्यांची ती माळ आधी गळ्याशी होती, मग छातीवर आली, पुढे पार बेंबीपर्यंत. माळ लांबली की कावीळ उतरली, असं सगळेच म्हणायचे. तुझे पिवळे डोळेही पुन्हा पांढरे झाले होते. तू खुशीत वाशीमच्या डॉक्टरांच्या गोळ्या फळीवर टाकून दिल्यास. "आता कायले खाऊ?" म्हणालीस. मग पोटात पाणी झालं, आणि तू गेलीस तेव्हाही माळ गळ्यातच होती. काड्या वाळल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, एवढंच होतं ते, माय.

तोच आजार आता मला आहे. हिपॅटायटिस बी. लग्नानंतर रक्त तपासलं तेव्हा कळलं. उपाशीपोटी घ्यायची एन्टेकाविर मला छान मानवली होती. मला दिवस गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी ती बदलून टेनोफोविर दिली. जुनी गोळी पोटातल्या बाळाला सोसेल याची खात्री नाही, नवी गरोदर बायकांना बरीच वर्षं देतात, फक्त मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं, असं त्या म्हणाल्या. मनाने बंद केली तर आजार उसळेल, हेही बजावलं. सासूबाई मालेगावला, घरच्या ओसरीवर बसून वेगळंच सांगतात. "रिपोर्ट तं चांगला हाय, मंग काहून खाऊन राह्यली? लेकराले बाधन." इकडे आड, तिकडे विहीर. मी फार घाबरले आहे. गोळी तळहातावर घेते, परत डबीत ठेवते, पुन्हा काढते.

हा आजार बहुतेक वेळा जन्मताना आईकडून बाळाला जातो, म्हणून बाळाला लगेच इंजेक्शनं देणार आहेत. डॉक्टरबाई हे बोलत होत्या तेव्हा मला तुझाच चेहरा दिसत होता. म्हणून तर हे पत्र पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तू रडून रडून जीव दिला असतास.

काल सासूबाईंनी मानोऱ्याकडच्या एका गावातून तशीच माळ आणली. मी हसले, काड्या कशा वाळतात ते त्यांना समजावून सांगितलं. आज सकाळी गोळी गिळली. मग दार लावून घेतलं आणि माय, ती माळही घातली. अजून गळ्याशीच आहे.