जखमा आपोआप भरण्याचा नियम

प्रिय भिंगरी,

पत्र पाहून दचकू नकोस. माझी तब्येत ठीक आहे आणि गिझर दुरुस्त झाला. फोनवर आपण या दोनच विषयांवर बोलतो, तेव्हा ते आधी उरकून घेतो. पत्राचा विषय आपला रविवारचा खेळ. तो बंद पडायच्या बेतात होता. आता ज्या पुस्तकाच्या नियमांनी अठरा वर्षं खेळलो ते सोडून आम्ही दुसऱ्याच कुणी रचलेला खेळ घेतो आहोत. या वयात धर्मांतर म्हण.

तू चौथीत असताना वर्गात सांगितलं होतंस, की आमच्या घरी रविवारी दुपारी मोठी माणसं टेबलाभोवती बसून खोटं बोलतात आणि कोणाचं खोटं खरं ते फासे टाकून ठरवतात. या खेळाची याहून नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही. दंतवैद्य तेव्हाही सूत्रधार होता, आजही आहे. प्रसंग तो रचतो, त्यातून आम्ही आपापली पात्रं वठवत वाट काढतो; रोग्यांशी तो जितका हळुवार तितकाच आमच्याशी निर्दय. कुलूपवाला आमचा योद्धा. आठवडाभर लोकांची कुलपं नजाकतीने उघडणारा हा माणूस रविवारी प्रत्येक दार खांद्याने फोडतो. मी शाळेत व्याकरण शिकवतो आणि रविवारी चोऱ्या करतो. खिडकीकडच्या खुर्चीवर तुझी आई, आमची वैद्य.

टेबलाचा दंडक तुला ठाऊक आहे. जो आला नाही त्याचं पात्र सोबत चालतं, पण गप्प. त्याचे फासे इतर कुणी टाकायचे नाहीत. टाकायचेच तर त्याने स्वतः ज्याला शिकवलं असेल, त्यानेच. हे पुस्तकातलं नाही, आईने घातलेलं कलम. कारण तेव्हा कुणी गैरहजर असला, की कुलूपवाला त्याच्या पात्राला हटकून विहिरीत उतरवायचा.

तर गेले आठ महिने आमची वैद्य सोबत चालते आहे, गप्प. आई गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा बसलो, तेव्हा दंतवैद्याने तिच्या पात्राची माहिती लिहिलेला कागद खुर्चीपुढे मांडला आणि त्यावर फाशांची निळी पिशवी ठेवली. तेव्हापासून तसंच चालू आहे. परिणाम असा, की आमच्यावर उपचारच होत नाहीत. योद्धा आठ महिने लंगडतो आहे. माझ्या चोराचा उजवा हात कामातून गेला, म्हणजे त्याच्यात आणि माझ्यात आता फारसा फरक उरलेला नाही. सलग तीन रविवार आम्ही एकाच पुलाच्या अलीकडे उभे होतो. दंतवैद्य पुलाचं वर्णन करतो, आम्ही ऐकतो, चहा पितो, ते दोघे घरी जातात. कुणाला वाईट वाटत नाही. कुणाला काहीच वाटत नाही.

मग आपल्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. तिला सगळीकडे शिव्या पडताहेत: चित्रं भडक, नियम पातळ. मी म्हटलं, सूत्र चांगलं असलं की भाष्यकारांना चेव येतोच. तरी आम्ही ती आणली, कारण दंतवैद्याने चाचरत सांगितलं की तिच्यात आपली अडचण सुटते. नव्या आवृत्तीत वैद्य हे पात्रच नाही. रात्रभर झोप घेतली, की जखमा आपोआप भरतात. त्याने नियम वाचला, योद्ध्याला झोपवलं, लगेच सकाळ केली आणि पाय बरा झाल्याचं जाहीर केलं. कुलूपवाल्याने पुस्तक स्वतःकडे ओढलं, ओळीवर बोट ठेवून नियम पुन्हा वाचला आणि म्हणाला, "असं कसं? जखम बांधली कुणी?" पुस्तक मिटलं, चहा न घेताच गेला. दंतवैद्य म्हणतो, जिना उतरताना तो खरोखरच लंगडत होता. मी पाहिलं नाही. मी खिडकीकडची खुर्ची आत सरकवत होतो.

तूही फोनवर तेच सांगतेस: बाबा, झोपत जा, बरं वाटेल. म्हणजे तू नव्या आवृत्तीची निघालीस. मी झोपतो, भिंगरी. उत्तम झोप लागते. सकाळी उठतो तेव्हा सगळं होतं तिथेच असतं, मीसुद्धा.

पुढच्या रविवारी कुलूपवाला एक पातळसं, कोपरे दुमडलेलं पुस्तक काखेत मारून आला. या खेळात जखम झोपेने भरत नाही. दुसऱ्या कुणालातरी शेजारी बसावं लागतं, आणि बसणाऱ्याने त्या दिवशी दुसरं काही करायचं नाही. पाच मिनिटांत ठराव मंजूर. फक्त प्रत्येकाने आपलं पात्र जुन्या कागदावरून नव्यावर स्वहस्ते उतरवायचं. माझा चोर अर्ध्या तासात उतरला. मग त्यांनी वैद्याचा कागद माझ्यापुढे सरकवला, नवरा म्हणून. मी हात लावला नाही. तिने मला कधी शिकवलंच नव्हतं. म्हणायची, चोराच्या हाती माझे फासे?

तिने शिकवलं एकीलाच. तू सहा वर्षांची होतीस, तापातून नुकती उठलेली, शाल गुंडाळून तिच्या मांडीवर बसलेली. ती सांगेल तसे तू फासे टाकलेस आणि मरायला टेकलेला योद्धा उठून बसला. कुलूपवाला ते अजून सांगतो. आई गेल्यावर तू आठवडाभर राहिलीस. परत जा, मी ठीक आहे, असं तुला मीच म्हटलं होतं. ते खोटं होतं, आणि फासे न टाकता बोललेलं. वैद्याचा नवा कागद कोराच आहे. तो तू तिकडे भरून पोस्टाने परत पाठवू शकतेस, हे माझ्या लक्षात आलं. म्हणूनच तो सोबत जोडलेला नाही. रविवारी दुपारी तीनला बसतो. भरायचा नसला तर नको भरूस. शेजारी बसलीस तरी नियमाला तेवढं पुरतं.

तुझाच, पुलाच्या अलीकडे थांबलेला,
बाबा