लेकीला कागदाने बोलवायचं नसतं

कोपर, डोंबिवली (प.)
२ ऑगस्ट १९८६

ती. स्व. भागीरथीताईस,
धाकट्या दामाजीचा शि. सा. न. वि. वि.

खडवलीला नदी चढली असं ऐकलं, म्हणून जिवाला घोर लागलाय. इथे आम्ही सगळे बरे आहोत. पोपट आयटीआयला जातो. जया दहावीला आहे, पण अभ्यासापेक्षा आरशासमोर जास्त असते. तुझ्या भावजयीचे, रंगूचे, गुडघे पावसात कुरकुरतात आणि त्यांच्याबरोबर तीही.

एक काम आहे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण घर अजून त्यांच्याच नावावर आहे. कौलं काढून स्लॅब टाकायचा म्हटलं तर आधी घर माझ्या नावावर व्हायला पाहिजे. कल्याणला वकिलाकडे गेलेलो. बाबांनी मृत्युपत्र केलं नाही, त्यामुळे आपण तिघंही वारस, असं तो म्हणाला. गोमाजीदादा आपला हिस्सा घेऊन, सही करून ठाण्याला गेलाच आहे. आता तुझं हक्कसोडपत्र पाहिजे. सगळ्याच बहिणी करतात, त्यात नवीन काही नाही. रंगूने तुझ्यासाठी जांभळी साडी आणून ठेवलीय.

नारळी पौर्णिमेच्या आधी ये, म्हणजे सहीही होईल आणि सणही.

लोभ आहेच, त्यात कसर करू नकोस.
तुझा,
दामाजी


खडवली
९ ऑगस्ट १९८६

चि. दामाजीस,
भागीरथीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नदी ओट्यापर्यंत आली आणि मुकाट्याने परत गेली. रंगूला सांग, गुडघ्यांना तीळतेल लावावं आणि कुरकुर तुझ्यापुढे करावी, त्यानेच आराम पडेल.

दामू, बाबा मला न्यायला कसे यायचे ते तुला आठवतं का रे? दर नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दारात हजर. हातातल्या पिशवीत चिंबोऱ्या. एकदा टिटवाळ्याला एक चिंबोरी पिशवीतून निसटली आणि डब्यातल्या बायका बाकांवर चढून बसल्या. तेव्हाही बाबांचं एकच चाललं होतं, की लेकीला न्यायला आलोय, रिकाम्या हाताने कसा येऊ. सासऱ्यांनी एकदा त्यांना सुचवलं होतं, एवढी तंगडतोड कशाला, एक कार्ड टाकलं तरी पाठवून देऊ. तर म्हणाले, लेकीला कागदाने बोलवायचं नसतं.

तुझं हे पहिलं बोलावणं, आणि ते कागदाने आलं. तेही सहीसाठी.

मला जागा नको. तुझ्या भावजींनी जाण्याआधी दोन साक्षीदार बसवून चार ओळी लिहून ठेवल्या, म्हणून दिरांनी मला या घरातून हलवलं नाही. माझ्या डोक्यावर छप्पर आहे. पण सही केल्यावर मी कोपरला येईन ती कोणाच्या घरी, एवढंच मनात येतं. आणि बाबांची होडी डोळ्यांसमोरून जात नाही. जो तिला तेल-डांबर लावील ती त्याची झाली असं लोक म्हणतील, म्हणून तू गोमाजीला हात लावू दिला नाहीस आणि त्याने तुला. दोन पावसाळे ती काठावर फुटत पडली. ज्या होडीने आपल्याला वाढवलं, तिच्या फळ्या शेवटी कोणाच्या चुलीत गेल्या कोण जाणे. बाबांनी होडी अमक्याची एवढं लिहिलं असतं तर ती तरी वाचली असती आणि तुम्ही दोघं बोलत राहिला असता.

म्हणून माझं एकच मागणं आहे. साडी नको, तू मृत्युपत्र कर. त्यात जयाचं नाव घाल. उद्या पोपटने तिला असं पत्र पाठवायला नको.

तुझी म्हातारी बहीण, मायेत अजून तरुण,
भागीरथी


कोपर
१२ ऑगस्ट १९८६

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून रंगू रडायला लागली. मी अजून पन्नाशीचाही नाही, धडधाकट आहे, नि तू माझ्या मरणाचा कागद करायला सांगतेस. जिवंतपणी असलं अभद्र कोणी लिहितं का? आणि बँकेच्या पुस्तकावर पोपटचं नाव लावलेलं आहे, ते पुरे. जया काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार.

होडीचं तू काढायला नको होतंस. दादाने सुरुवात केलेली.

सही करायची नसेल तर तसं कळव. मी कौलाखाली राहीन. वकील सोमवारी, अठरा तारखेला, कल्याणच्या कचेरीत भेटेल.

दामाजी


खडवली
२० ऑगस्ट १९८६

चि. दामाजीस,
अनेक आशीर्वाद.

परवा कचेरीत सही करून मी घरी न येता परस्पर गाडीत बसले. तू जिन्यावरून हाक मारलीस ती मला ऐकू आली होती. थांबले असते तर तुझ्याबरोबर घरी आले असते, आणि तेवढा धीर नव्हता. रंगू ताट वाढून बसली असेल, तिला वाईट वाटलं असेल. तिला समजाव. साडी जयाला दे, मोठी झाली की नेसेल.

अट मी मागे घेतली, हे तू पाहिलंसच. भावाशी सौदा करण्याइतकी मी अजून वाईट झाले नाही. स्लॅब चांगला घाल, खाडीचा वारा लोखंड खातो.

हक्क सोडला रे, माया सोडलेली नाही.
भागीरथी


कोपर
२४ नोव्हेंबर १९९१

ती. स्व. ताईस,
दामाजीचा शि. सा. न. वि. वि.

पोपटच्या लग्नाला आलीस, अक्षता टाकल्यास, जेवलीस आणि पाहुणीसारखी निघून गेलीस. त्याआधी नि त्यानंतर आपली पत्रं म्हणजे पावसाची खबर. चूक माझी, पण ती लिहायला मला पाच वर्षं लागली.

गेल्या महिन्यात छातीत दुखलं म्हणून इस्पितळात होतो. आता बरा आहे, घाबरू नकोस. तिथे पोपटच्या सासरकडचा एक शहाणा त्याला बाहेर घेऊन समजावत होता, की जयाचं लग्न लावून द्यायच्या आधीच तिची सही घेऊन टाक, पुढे भानगड नको. पोपट हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. जया माझा डबा घेऊन मागे उभी होती. तिने डबा बाकावर ठेवला आणि जिना उतरून गेली. रंगूने मला हे सांगितलं, तेव्हा मला कल्याणच्या कचेरीचा जिना आठवला. तूही अशीच उतरलेलीस, मान खाली घालून. ताई, त्या दिवशी मी तुझ्यामागे धावायला पाहिजे होतं. रात्रभर उशीत तोंड घालून रडलो.

घरी आल्यावर आधी मृत्युपत्र केलं. बँकेच्या पुस्तकावर नाव लावलं म्हणजे पैसा त्याचा झाला असं मला वाटायचं, तसं नसतं म्हणे. स्टॅम्पही लागत नाही, साधा कागद चालतो. स्वतःच्या अक्षरात लिहिलं. डॉक्टर आणि शाळेचे हेडमास्तर साक्षीला बसले. मी म्हणत होतो तसं अभद्र काही वाटलं नाही. उलट घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

एका कलमावरून वकिलाशी वाजलं. तो म्हणाला, असलं कुठलंही कोर्ट पाळायला लावणार नाही. मी म्हटलं, तरी लिहिणार. कलम कोणतं ते आत्ता सांगत नाही.

तब्येत सुधारली की पहिला खडवलीला येतो. रागावली असशील तर दारातच रागव.
तुझा,
दामू


कोपर
१४ ऑगस्ट १९९४

ती. स्व. आत्यास,
पोपटचा शि. सा. न. वि. वि.

बाबा जाऊन दोन महिने झाले. दिवसांना तू आलीस, पण रडारडीत काही बोलणं झालं नाही. आईचा गुडघा तसाच आहे, फक्त आता कुरकुर करायला माणूस नाही म्हणून ती गप्प असते. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, ताईकडे तीन वर्षांत तीनदा गेलो, दरवेळी चहा पाजून परत पाठवते, कोपरला काही येत नाही.

परवा आम्ही मृत्युपत्र वाचलं. मी, आई, जया आणि तिचा नवरा. ठाण्याहून गोमाजीकाकांनाही बोलावलेलं, आले. खालचं घर मला, पण आई आहे तोवर तिचं. स्लॅबवरची खोली जयाची. ते ऐकून तिने आतून तुझी जांभळी साडी आणून आईच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, आत्याची आहे, आत्यालाच द्या.

शेवटचं कलम काकांनी मोठ्याने वाचलं. जसं आहे तसं उतरवतो. खाडीकडची मागची खोली माझी बहीण भागीरथी हयात असेतो तिची. दर नारळी पौर्णिमेला घरातल्याने स्वतः खडवलीला जाऊन तिला घेऊन यावं. पत्र पाठवून बोलावू नये. काकांनी कागद माझ्या हातात दिला. होडीचं नाव कोणी काढलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तीच होती.

यंदा आमच्याकडे सण नाही, पण खाडीला नारळ दिला पाहिजे. म्हणून आत्या, हे बोलावण्याचं पत्र समजू नकोस. शनिवारी, वीस तारखेला, सकाळच्या गाडीने मी येतोय, तेवढं तू घरी असावीस म्हणून कळवतो. मागची खोली आईने सारवायला घेतलेली, तिला आठवण करून दिली की आता फरशी आहे.

लोभ असावा वगैरे लिहायची रीत आहे, पण ते मी समोर बसूनच मागतो. पिशवी तोंडाशी घट्ट बांधून आणतो, चिंबोऱ्या या खेपेला टिटवाळ्याला उतरणार नाहीत.

तुझा भाचा,
पोपट