नऊशे वीस

प्रिय बाबा,

पोचले. तुमचा पहिला प्रश्न तोच असणार, म्हणून उत्तर आधी. सात तासांचा रस्ता, मध्ये घाट, डोक्यावर दुपारचं ऊन, आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. घाटमाथ्यावर मी मुद्दाम थांबले, इंजिन चालूच ठेवलं, तापमानाचा काटा चढू दिला. पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला. ती आपली गुरगुरत उभी. तुमच्या शब्दांत सांगायचं तर ठणठणीत. हा शब्द लिहिताना हात अडखळला माझा, का ते पुढे कळेलच.

डोळा कसा आहे? आत्या सांगत होती, पट्टी निघाल्यावर पहिल्याच दिवशी तुम्ही तिच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा वाकडा असल्याचं तिला दाखवून दिलंत. म्हणजे नीट दिसायला लागलंय. बरं झालं. हे पत्र मोठं आहे आणि ते तुम्ही स्वतः वाचायचं आहे, चष्मा सापडत नाही म्हणून शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायचं नाही.

आई या गाडीला सवत म्हणायची, आठवतं? रविवारी सकाळी तुम्ही गॅरेजचं शटर वर केलंत की ती आतून ओरडायची, "गेले, गेले तिच्याकडे!" आणि मग स्वतःच दोन कप चहा बाहेर आणून ठेवायची. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असलेली ही लाल, दोन दारांची, टर्बोवाली बया. तिच्या वयाच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, ती जगली ती तुमच्या हट्टावर. सकाळी तिला अंग मोकळं करायला वेळ लागतो, सांधे कुरकुरतात, कुठून ना कुठून तेल ठिबकतं. पण एकदा टर्बो फिरायला लागला की पाठ सीटला चिकटते आणि मला अजूनही दर वेळी हसू फुटतं. मी दहा वर्षांची होते तेव्हापासून आपली पद्धत ठरलेली. तुम्ही गाडीखाली, मीटर तुमच्या हातात. मी स्टुलावर, वही माझ्या मांडीवर. तुम्ही आकडा ओरडायचा, मी लिहायचा. एकाचे हात तेलात, दुसऱ्याचे कोरडे, म्हणजे वही स्वच्छ राहते. तुम्ही मला कारकून म्हणायचात. "कारकून, लिहा! बॅटरी बारा पूर्णांक सहा!" आणि मी लिहायचे. अठरा वर्षं, चार वह्या. इतक्या वर्षांत एकदाही मी खाली वाकून मीटर बघितला नाही. कशाला बघायचा? बाबा सांगतायत ना.

गंमत अशी की कारखान्यात मी पंप तपासायचे, आणि दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यावर सही करायची नाही हा आमच्या खात्याचा पहिला नियम. स्टोअरकीपर मला संशयपिशाच्च म्हणायचा. कामावर संशयपिशाच्च आणि घरी कारकून, असा माझा कारभार.

दोन वर्षांपूर्वी इथल्या बाईंचं नोकरीचं पत्र आलं. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारं यांचं वर्कशॉप, मालकीण असून बाई स्वतः डांगरी घालून गाडीखाली शिरतात. त्यांची अट एकच होती. स्वतः सांभाळलेली जुनी गाडी स्वतः चालवत घेऊन या, तीच तुमची परीक्षा. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. तुम्हीही पाठ थोपटलीत. आणि निघायला पंधरा दिवस उरले असताना पाण्याच्या टाकीच्या चढावर गाडी चालता चालता विझली. वीस मिनिटांनी थंड झाली आणि लगेच चालू झाली. पुन्हा तापली, पुन्हा विझली. असल्या गाडीने सात तासांचा रस्ता नको, आधी दोष सापडू दे, असं तुम्ही म्हणालात आणि ते बरोबरच होतं. बाईंनाही पटलं. दोष सापडला की लगेच या, असा त्यांचा निरोप आला तो शनिवार होता. मी कामावरून धावतच घरी आले, तुम्हाला सांगितलं आणि पलंगाखालची मोठी बॅग ओढून कपडे भरायला बसले. तुम्ही दारात उभे होतात, एक हात खिशात. काहीतरी सांगायला आला आहात असं वाटलं मला. तुम्ही म्हणालात, "आधी जेवून घे."

दुसऱ्या दिवशी आपण क्रँकजवळच्या त्या बोटभर सेन्सरचा रोध मोजला. इंजिन फिरतंय ही खबर तोच देतो. तो गप्प बसला की ठिणगी बंद, पेट्रोल बंद, खेळ खलास. गाडी तापवून, बंद पाडून, तुम्ही लगेच खाली सरकलात. "कारकून, लिहा. नऊशे वीस. ठणठणीत." मी लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली.

त्यानंतर आपण काय नाही केलं? पेट्रोलचा पंप बदलला. रिले उघडून आतले जोड पुन्हा डाग देऊन पक्के केले. अर्थिंगची एकूण एक वायर घासून चकचकीत केली. टाकीचं झाकणसुद्धा बदललं. रविवारमागून रविवार. मध्येच मला शंका यायची आणि मी म्हणायचे, बाबा, तो सेन्सर एकदा पुन्हा बघू या. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. अकरा वेळा बघितला तुम्ही. बाईंनी तीन महिने वाट पाहिली आणि मग ती जागा दुसऱ्याला दिली. मी बॅग पुन्हा पलंगाखाली सारली. तुम्ही त्या दिवशी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलंत, आणि मला वाटलं, माझ्याइतकंच याही माणसाला लागलंय.

मागच्या हिवाळ्यातलं ते मात्र मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मी एकटी होते, उतारावरच्या वळणावर गाडी विझली, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, आणि आरशात ट्रक. त्या ड्रायव्हरने ट्रक शेवटच्या क्षणी चरात घातला म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. तो खाली उतरून मला शिव्या देत होता. तुम्ही रिक्षाने आलात. रस्त्याच्या कडेला बसून माझा हात धरलात आणि लहान मुलासारखे रडलात. तुम्हाला रडताना मी आई गेली तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. त्यानंतर तीन दिवसांनी रविवार आला. आपण गाडी तापवली. तुम्ही खाली गेलात. आणि बाबा, वहीतलं ते पान मला पाठ झालंय, त्या रविवारीही त्यात नऊशे वीसच आहे.

तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला आत्याकडे गेलात आणि रोज फोन करून बजावत होतात, गाडीला हात लावू नकोस, मी आल्यावर बघू. मला वाटलं, आपण सगळं दुरुस्त करून ठेवावं आणि तुम्हाला चकित करावं. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या जागी, गाडीखाली सरकले. थंड असताना सेन्सर मोजला. नऊशे. गाडी तापवली, ती विझली, पुन्हा मोजला. मीटर कोरा. आकडाच नाही, आत तार तुटल्यासारखा. मला आधी मीटरचाच संशय आला, तुमचा नाही. मीटरची बॅटरी बदलली, पुन्हा मोजलं. तेच.

मग मी स्टुलावर बसून चौथी वही उघडली. अकरा नोंदी. थंड इंजिन, नऊशे वीस. गरम इंजिन, नऊशे वीस. उन्हाळा, हिवाळा, नऊशे वीस. अहो, तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो हे मला कुणी शिकवलं? बारा वर्षांची असताना तुम्हीच मेणबत्तीवर तारेचं वेटोळं धरून दाखवलं होतंत. चांगला सेन्सरसुद्धा गरम असताना अकराशेच्या वर दाखवणार. खोटं बोलताना तुम्ही जरासाही अभ्यास केला नाहीत, कारण कारकून तपासणार नाही याची खात्री होती. आणि खरोखरच कारकुनाने तपासलं नाही. दिवसभर लोकांचे आकडे तपासणारी मी, हा आकडा दोन वर्षं डोळे मिटून लिहीत राहिले. खोटं तुमचं, अक्षर माझं. याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

तरीही मनात म्हटलं, डोळा अधू होता, चुकीचं दिसलं असेल. बापाची बाजू घ्यायची सवय अशी सहज सुटत नाही. सेन्सरची वायर तापलेल्या पाइपापासून दूर बांधायला जाड दोरा हवा होता म्हणून आईच्या शिवणयंत्राचा खण उघडला. तिच्यामागे मी तो उघडत नाही, तुम्हाला माहीत आहे. बॉबिनांच्या खाली नव्या सेन्सरचं खोकं होतं, सील न फोडलेलं, आणि त्याला टाचलेली दुकानाची चिठ्ठी. चिठ्ठीवर त्या शनिवारची तारीख. काखेत कळसा म्हणतात तो असा. म्हणजे मी कामावर असताना तुम्ही एकट्याने दोष शोधलात, नवा सेन्सर आणलात, मला दाखवायला म्हणून दारात आलात, आणि मी बॅग भरताना दिसले.

एकटेपणा मला कळत नाही असं समजू नका. आई गेल्यावर त्या घरात किती जागा झाली ते मीही बघितलंय. तुम्ही नुसतं "जाऊ नकोस" म्हणाला असतात, तर मी भांडले असते, आदळआपट केली असती, आणि बहुतेक राहिलेही असते. ते राहणं माझं असतं. तुम्ही मला विचारलंच नाहीत. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तो रडणारा माणूस खरा होता की तोही नऊशे वीस, हे मला आता ठरवता येत नाही.

नवा सेन्सर बसवायला चाळीस मिनिटं लागली. बाईंना फोन केला. ती जागा गेली ती गेलीच. पण सुटे भाग धुवायला आणि वर्गवारी करायला माणूस हवा आहे, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. वर्कशॉपच्या वरचीच खोली मिळाली आहे, खिडकीतून खाली आपली बया दिसते. काल बाईंनी बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, इतकी जपलेली गाडी, कुणाचा हात आहे? मी म्हटलं, माझ्या बाबांचा. ते तर खरंच आहे.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. माफी मागायला लावायची म्हणून नाही, माफीचे शब्द तुम्ही छान जुळवाल आणि मी ते खरे मानून मोकळी होईन. पार्सलमध्ये फडक्यात गुंडाळलेला जुना सेन्सर आहे. चौथी वही मी गॅरेजमध्ये स्टुलावर ठेवली आहे, मीटर तिच्याशेजारी, नवी बॅटरी घातलेला. सेन्सर पिशवीत बांधा, चांगल्या कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मोजा. मग वहीच्या पुढच्या पानावर जे दिसेल ते तुमच्या हाताने लिहा. काही दिसलं नाही तर काही दिसत नाही असं लिहा. खाली तारीख घाला, ते पान फाडून मला पाठवा. ते पान येईपर्यंत मी फोन उचलणार नाही, बाबा. आलं, की त्याच रविवारी सात तास गाडी चालवत येईन, आणि या खेपेला गाडीखाली मी असेन. लिहायचं तुम्ही.

तुमचीच,
कारकून