कानफाटी उभी आहे तिथे

प्रिय दादा,

फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. तू हॅलो म्हणतोस आणि मी लगेच फोन आईकडे देते. म्हणून लिहितेय. शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलेलं नाही, चुका काढत बसू नकोस.

मी सोफ्याच्या कारखान्यातच आहे. आता नुसतं जुनं कापड उसवत नाही, मिस्त्रीकाका मला कोपरे शिवायला देतात. कोपऱ्यात कापडाला चुण्या पडतात, सगळ्यात अवघड जागा ती. काका म्हणाले, ही पोरगी बोलत नाही, हिचे कोपरे बोलतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग घरातला पण एखादा कोपरा झाड.

तिथून रबराचा तुकडा आणून आपल्या व्हिडिओ गेमचा दोन नंबरचा रिमोट नीट केला, त्याची दांडी ढिली झाली होती ना. आणि आपला खेळ लावला, अस्वल आणि मुंगशीवाला. अस्वल कायम तुझं, कानफाटी मुंगशी कायम माझी. त्या खेळाचे सहा भाग आले, पण खोक्यावर दर वेळी अस्वलच मोठं, ही मागून डोकावणार, फाटका कान तेवढा दिसणार. उडी जेमतेम, अंगात ताकद नाही. आणि तुझं एकच, "तू नुसती उभी राहा, मध्ये मध्ये करू नकोस." मला फार राग यायचा.

परवा दोन्ही रिमोट एकटीनेच घेतले आणि अस्वलाला मुद्दाम खड्ड्यात टाकलं. अकरा वेळा. प्रत्येक वेळी ते कानफाटीच्या शेजारीच परत उगवलं. हे आपल्याला लहानपणीही माहीत होतं, पण मी कधी तिच्या बाजूने बघितलंच नव्हतं. ती हलत्या फळीवर असेल तर ते परत पडणार. म्हणून पक्की जागा शोधायची आणि तिथून हलायचं नाही, हे तिचं काम. वाट बघताना ती तोंड वाकडं करत नाही. पुन्हा पडलास का, असंही कधी विचारत नाही. कान हलवते, बस. सहा भाग झाले, ती तशीच. मला तर अस्वलापेक्षा तीच भारी वाटायला लागली.

वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. मी शाळा सोडली तेव्हा बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. तू माझ्यापुढे येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, तिला जरा श्वास घेऊ द्या. मिस्त्रीकाकांकडेही तूच नेलंस, पहिले तीन दिवस दारापर्यंत सोडायला आलास. मी हे कधी बोलले नाही, पण विसरलेही नाही.

आता खरं सांगते. गेल्या महिन्यात आईने तुला फोन लावला, माझ्या हातात दिला आणि उतू जाणाऱ्या दुधाकडे पळाली. फोन तुझ्या खोलीतल्या मित्राने उचलला. मी गप्प, त्याला वाटलं आईला कळलं आणि ती रडतेय. त्याने सगळं सांगून टाकलं. नर्सिंगच्या परीक्षेत तू दुसऱ्यांदा नापास झालास, कोर्समधून नाव काढलं, तरी रोज पांढरे कपडे घालून बाहेर पडतोस, फोटो काढून आईला पाठवायला. त्याच्यावर रागावू नकोस. आईला मी सांगितलं, दादा झोपलाय. अजून कुणाला काही माहीत नाही. तू ये. रविवारी दुपारच्या गाडीला मी स्टँडवर असेन, पाण्याच्या नळाजवळ. नाही आलास तर पुढच्या रविवारी पण तिथेच. घरी आपण दोघं मिळून जाऊ, आणि बाबांशी आधी मी बोलेन. हो, मी.

तुझीच,
दोन नंबरचा रिमोट