तीस फुल्या

१७ नोव्हेंबर

साठ! प्रौढांना शिकवायच्या परवान्याला साठ तास हवेत! जुन्या फॉर्मवर चाळीस होते, मी त्याच भरवशावर होते. आज नवा फॉर्म हातात आला – 'किमान एका निरक्षर प्रौढास सुरुवातीपासून साठ तास शिकवल्याची नोंद. प्रत्येक वर्गास शिकणाऱ्याची सही अथवा खूण.' माझे भरतात बेचाळीस. मुदत शुक्रवारी संपते. आज सोमवार.

बाकी सगळं तयार आहे. पदवीची नक्कल, डॉक्टरांचा दाखला, सहा फोटो, गावप्रमुख रईसचं पत्र. फक्त अठरा तास नाहीत. दोन तासांचा एक वर्ग, म्हणजे नऊ वर्ग.

शिक्षण कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, मधे कापसाची वेचणी होती, सहा आठवडे कोणी आलंच नाही. तो चहात नॉन-रोटी बुडवत होता. म्हणाला, "मुली, अख्ख्या जिल्ह्यात कापूसच असतो. तरी सगळ्यांचे साठ भरतात. कसे भरतात, ते मी विचारत नाही."

१८ नोव्हेंबर

वर्गातल्या पाचजणींपैकी जिची नोंद फॉर्मवर द्यायची, त्या सावरीगुल आपाला विचारलं, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येशील का? तसे बसलो तरी सहाच वर्ग होतात, पण विचारलं. ती हसली. शिक्षिका म्हणून मला मुअल्लिमाच म्हणते. "मुअल्लिमा, सून आज-उद्या बाळंत होईल, गाय व्यायला आली आहे, आणि तू म्हणतेस दिवसातून दोनदा अक्षरं गिरव! अक्षरं कुठे पळून जातायत?"

परवाना हुकला तर पुन्हा वर्षाने. परवान्याशिवाय शाळेचे हेडमास्तर हिवाळ्यात खोली देणार नाहीत, हे त्यांनी स्वच्छ सांगितलंय. खोली नाही तर वर्ग नाही. काल रात्री बाबांचा रशियाहून आवाजी निरोप आला. मागे बांधकामाची खडखड. "इथे सगळ्यांना सांगितलंय, माझी पोर मोठ्या माणसांना शिकवणार. घरात पहिली शिकलेली, आणि शिकवणार बापाच्या वयाच्यांना!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या, तेही ऐकू आलं.

१९ नोव्हेंबर

रजिस्टरमध्ये नऊ ओळी वाढवल्या. धडे लिहिणं सोपं होतं. तारखा वेचणीतल्या टाकल्या. अडलं सहीपाशी.

ऑगस्टमध्ये ती फुली मारायची. पाच सप्टेंबरला तिने पहिल्यांदा नाव लिहिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक वर्गाला नावच. ती सही मला येईना! जुन्या वर्तमानपत्रावर चाळीस वेळा गिरवली. तिचं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरतं, पण दर वेळी वेगळं घसरतं. मी काढलं की ते कॉलेजात शिकलेल्या मुलीचं दिसतं.

फुली मात्र कोणाचीही असते.

२० नोव्हेंबर

सगळं रजिस्टर नव्या वहीत उतरवलं. तीस वर्ग, तीस फुल्या. अधेमधे नाव आणि मग पुन्हा फुली, हे दिसायला बरं नव्हतं. म्हणून नाव कुठेच ठेवलं नाही.

जुनी वही चुलीत घातली. कापसाच्या पळाट्यांवर भुर्रकन पेटली. आईने विचारलं, "कोरी पानं होती ना गं त्यात?"

"भरली होती."

"मग ठीक."

ठीक नाही. आपा तिसरीत असताना युद्ध सुरू झालं. शाळेत निर्वासित राहायला आले, ते गेले तेव्हा हिचं लग्न ठरलं होतं, आली होती ती अक्षरंही पुसली गेली होती. लेकीच्या लग्नाच्या नोंदणीला हिने सगळ्या व्याह्यांसमोर फुली मारली. तिथला बाबू म्हणाला होता, "जरा सरळ मारा, बाई." ऑगस्टमध्ये तिने मला हे सांगितलं तेव्हा मीच म्हणाले होते, आपा, परत कधी मारावी लागणार नाही.

तीस मारल्या. सगळ्या सरळ.

२१ नोव्हेंबर

अर्ज दिला. कारकून म्हणाला, "पाहा, भरले की नाही!"

२४ नोव्हेंबर

आपाला नातू झाला. वर्गात मिठाई घेऊन आली, पाळण्यावर लावायला कागदावर त्याचं नाव स्वतः लिहून आणलं होतं. मला दाखवत होती. मी धड पाहिलंही नाही. म्हटलं, छान. असं म्हटलं की जणू भाजीचा भाव सांगितला.

१ डिसेंबर

वीज सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. मुलाखत गुरुवारी.

४ डिसेंबर

मुलाखत झाली. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत मीच ते बदलून टाकीन.

समितीचे तिघं होते. बोलल्या मुख्यतः अध्यक्ष खोलमातोवा बाई. पंचावन्नच्या असतील, सोन्याचे दोन दात, आवाज अगदी मऊ. पाठाचा आराखडा आवडला म्हणाल्या. मग फाइलमधून एक घडी केलेला कागद काढला. चौकटींच्या वहीचं पान. मी तो कधीच पाहिला नव्हता.

"हे पत्र गेल्या आठवड्यात एक बाई खिडकीवर देऊन गेली."

आपाचं पत्र! अक्षर लांबूनच ओळखलं. चार ओळी. 'मी सावरीगुल. मुअल्लिमा मेहरांगेज मला शिकवते. ती ओरडत नाही. तिला कागद द्या.' परवान्याला कागदच म्हणते ती.

खोलमातोवा बाईंनी शेजारी माझं रजिस्टर ठेवलं. "पंधरा नोव्हेंबरला ही बाई फुली मारते. आणि दहा-बारा दिवसांत पत्र लिहिते?" त्या हसल्या, रागावून नाही. "लेकी, पत्र तू लिहिलंस ना? डाव्या हाताने?"

शेजारचा माणूस म्हणाला, "बाकी फाइल चोख आहे हो. रजिस्टर तर नमुनेदार."

"तेच म्हणते मी. मूर्खपणा उत्साहाच्या भरात होतो. हो म्हण, आम्ही हा कागद काढून टाकतो. पण रजिस्टरच खोटं असेल, तर मात्र मला काही करता येणार नाही."

बाहेर बाकावर आणखी चौघी बसल्या होत्या. घड्याळ वाजत होतं. मला बाबांच्या मागची खडखड ऐकू आली.

मी म्हणाले, "हो. मीच लिहिलं."

त्यांनी पत्र फाडलं. दोनदा. अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून.

५ डिसेंबर

जेवले नाही. आई म्हणते दमली असशील.

९ डिसेंबर

परवाना मिळाला. निळा शिक्का, माझा फोटो. आईने तो कपाटाच्या काचेमागे लावला. शेजारणी बघून गेल्या.

१० डिसेंबर

आपा तुपातला गरम फतीर रोट घेऊन आली. फडकं सोडलं, वर्गभर वाफ. सगळ्यांना वाटला, मला सगळ्यात मोठा तुकडा.

"माझं पत्र कामी आलं की नाही? खरं सांग!"

इतर बायका ओरडल्या, कसलं पत्र, कसलं पत्र?

"तुम्हाला काय करायचंय? सात दिवस लागले मला. सून म्हणाली, आई, मी लिहून देते. म्हटलं, हात नको लावूस, तुझं अक्षर सुंदर आहे, कोणी विश्वास ठेवणार नाही!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तोंडात फतीर तसाच होता.

"वाचलं ना त्यांनी?"

"वाचलं, आपा."

१३ डिसेंबर

आज सांगितलं. वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं, दार लावलं. नऊ खोटे वर्ग, तीस फुल्या, पत्र, फाडलं ते. एका दमात. मधे थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

ती रागावेल असं वाटलं होतं. रडेल असंही. तिने एवढंच विचारलं, "आणि माझं नाव लिहिलेली पानं?"

"जाळली."

ती खडूची भुकटी बाकावरून हाताने गोळा करत बसली. मग म्हणाली, "नऊ दिवस आले नाही, तर तू सांगायचं होतंस, आपा, नऊ सह्या कर. मी केल्या असत्या गं. तुझ्यासाठी खोटं बोलले असते. पण माझ्या नावाने बोलले असते."

ती उठली.

रुमाल बांधला. "गाईची वेळ झाली."

सकाळचे अकरा वाजले होते.

१५ डिसेंबर

चौघी आल्या. आपा नाही.

१७ डिसेंबर

चौघीच. झैनब म्हणाली, बाळ रडतं म्हणून येत नसेल. तिच्या घरापर्यंत गेले, फाटकापासून परत फिरले. आत ती सुनेला हाका मारत होती. आवाज नेहमीसारखा खणखणीत.

कपाटाच्या काचेकडे पाहवत नाही. जेवताना पाठ करून बसते.

१९ डिसेंबर

दहा वाजता कचेरीतून फोन. खोलमातोवा बाई स्वतः. "एक बाई दार उघडल्यापासून इथे बसली आहे. कागद द्या म्हणते, तुमच्यादेखत लिहिते म्हणते. उठायला तयार नाही. तू ओळखतेस का हिला?"

म्हटलं, ओळखते. द्या तिला कागद. मी परवाना परत करायला निघाले आहे.