अक्षतांविना बोलावणं

प्रिय प्रितेश,

तुझी मेल वाचली. झुरिकच्या स्टेशनसमोर ज्याचा पुतळा आहे, त्या जुन्या काळच्या बँकवाल्या पुढाऱ्याची गोष्ट तू अगदी जीव ओतून लिहिली आहेस. त्याने बँक काढली, रेल्वे आणली, डोंगरातून बोगदा काढायला घेतला, आणि बोगदा आरपार झाला तेव्हा त्यालाच सोहळ्याला बोलावलं नाही. वाचून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आपले बाबाही तसेच, म्हणून पतपेढीसमोर त्यांचा पुतळा बसवू या, खर्च तू करशील. वा रे वा.

कामतघरच्या लूमवाल्यांना कर्जासाठी कोणतीच बँक दारात उभं करत नव्हती, तेव्हा बाबांनी आपल्या ओटीवर पतपेढी सुरू केली. त्या जोरावर नगरसेवक झाले. मग कुणालने, आपल्या सख्ख्या चुलतभावाने, संचालक फोडून त्यांना घरी बसवलं. तेही त्यांनी गिळलं.

मागच्या वर्षी पतपेढीची नवी इमारत झाली आणि फीत कापायला परदेशातला बँकेचा साहेब म्हणून तुला बोलावलं. बाबांना मी सांगतो, असं तूच कुणालला म्हणालास. आणि ठाण्याच्या हॉटेलातून त्यांच्या मोबाइलवर पत्रिकेचा फोटो टाकून मोकळा झालास. दारात येऊन हातावर अक्षता ठेवल्याशिवाय आपल्यात बोलावणं होत नाही, हे कसं विसरलास तू? बाबा इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ओटीवर बसून राहिले. मी म्हटलं, पत्रिका आली आहे ना, चला. तर म्हणाले, "मोबाइलमदी अक्षता येतान काय गो?" तू फीत कापलीस, भाषणात त्यांचं नाव घेतलंस, टाळ्या घेतल्यास आणि विमानात बसलास. धामणकर नाक्यावरच्या त्या नव्या इमारतीपासून आपलं घर रिक्षाने किती लांब आहे रे? त्यानंतर बाबा ओटीवर बसलेच नाहीत. मला तुझा अजून राग येतो.

पुतळा खुशाल बसव, आता हरकत नाही. बाबा गेल्या महिन्यात गेले. एवढ्या दिवसांत तू घरी एक फोन केला नाहीस, म्हणून तुला कळलंही नाही. मयताला आपल्यात कोणी बोलावत नाही, नुसतं कळवतात. भावकीतले तुला फोन लावायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं, म्हटलं, त्याला मी सांगते. अग्नी मी दिला, दिवसकार्यही उरकलं. आज तुला सांगते आहे.

तुझीच ताई,
मृणाली