उसना गळा

हॉलिवूड, १९५१

आई,

सकाळी तू नेब्रास्काच्या बसमध्ये चढलीस, तेव्हा तुझ्याकडे बघायचं धाडसच झालं नाही.

काल मीच तुला हौसेने नव्या सिनेमाला नेलं. पिसांचा झगा सावरत नायिका गात जिना उतरली आणि तू ताडकन उठून ओरडलीस, "अगं बाई, हा तर माझ्या आर्डिसचा गळा!" लोक खो-खो हसले. नायिकेसाठी मी गाते हे फुटलं, तर स्टुडिओ मला घरी बसवणार. आणि स्टुडिओचा माणूस नेमका आपल्या मागे!

"या बाई कोण तुमच्या?" त्याने विचारलं.

"शेजारीण आहेत. वयामुळे जरा भ्रम होतो त्यांना," मी म्हणाले.

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. मग त्याला म्हणालीस, "चुकलं हो माझं. माझी पोर कुठली एवढं गोड गाणार!"

आज त्याच नायिकेसाठी अंगाई गायची होती. तू म्हणायचीस तशीच म्हणायला गेले आणि मध्येच गळा दाटून आला. पुन्हा गाते म्हटलं, तर संगीतकार खूश! "राहू दे, राहू दे! पडद्यावर ती रडतेच आहे, तिला शोभेल."

रडणंही तिच्याच नावावर गेलं, आई.

तुझी शेजारीण,
आर्डिस